सांध्यावर अडणारं इंजिन: दर पावसाळ्यात परत येणारा बिघाड कसा शोधायचा

हे मॉडेल रेल्वेबद्दल, म्हणजे घरातल्या छोट्या विजेच्या आगगाडीबद्दल आहे. आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा त्रासही हाच आहे का ते लगेच कळेल. मोकळ्या रुळावर इंजिन छान धावतं. वेग उतरवून सांध्यावर (रूळ जिथे दोन वाटांना फुटतो तिथे) आणलं की गचका खातं, पुढचा दिवा मिचकावतो आणि इंजिन जागीच उभं राहतं. बोटाने केसभर पुढे सारलं की पुन्हा चालू. रूळ पुसले की दोन दिवस सुरळीत जातात आणि तिसऱ्या दिवशी त्याच स्लीपरपाशी गाडी पुन्हा अडते. वेगात नेली तर मात्र अडत नाही. आणि हे सगळं जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून दिवाळीपर्यंत जास्त, उन्हाळ्यात जवळजवळ नाहीच.

माझ्याकडे हे सलग तीन पावसाळे झालं. दोन वर्षं मी इंजिनाला दोष देत होतो, मोटर उघडून पुन्हा बसवत होतो. बिघाड तिथे नव्हताच. तो सापडला तेव्हा लक्षात आलं की मूळ माझ्या हातूनच रोवलं गेलं होतं, तेही ज्या जुन्या फोटोवर माझा इतका जीव आहे त्याची नक्कल करताना. म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

लेआउट काय आहे

लेआउट म्हणजे फळीवर मांडलेली रूळ आणि देखाव्याची रचना. माझा एचओ स्केलचा, म्हणजे १:८७. तयार रूळ १६.५ मिमी गेजचे, साधा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर. (आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. त्याला ८७ ने भागलं तर सव्वाएकोणीस मिमीच्या आसपास येतं. म्हणजे तयार रुळावर आपली गाडी अरुंदच दिसते. मी ते स्वीकारलंय. ज्यांना ते खुपतं ते रूळ हाताने घालतात, आणि त्यांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे.)

विषय आहे मुंबई-पुणे मार्गावरच्या बोरघाटातलं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा हा घाट १८६३ मध्ये सुरू झाला. सगळ्यात कठीण चढ ३७ ला १, आणि डोंगराच्या सोंडेवर वळण घ्यायला जागा नाही. म्हणून गाडी एका टोकाशी नेऊन उभी करायची, इंजिन सोडवायचं, दुसऱ्या बाजूला आणून जोडायचं आणि उलट्या दिशेने वर निघायचं, अशी व्यवस्था होती. घाटाची विजेच्या गाड्यांसाठी नवी आखणी झाली आणि १९२९ मध्ये हे स्टेशन बंद पडलं. आज घाटातून जाणाऱ्या बहुतेकांना तिथे असं काही होतं याची कल्पनाही नसते. मला ते फोटोत पहिल्यांदा दिसलं आणि तेव्हापासून डोक्यातून गेलं नाही.

आता याचा बिघाडाशी संबंध बघा. गोल लेआउटवर गाडी सांध्यावरून भर्रकन जाते. रिव्हर्सिंग स्टेशनात प्रत्येक गाडी सांध्यांच्या तोंडाशी थांबते, इंजिन सुटतं, तीन सांधे ओलांडून दुसऱ्या टोकाला येतं, आणि हे सगळं मुंगीच्या पावलांनी. वेगातलं इंजिन वीज नसलेला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा तुकडा स्वतःच्या जोरावर पार करतं, म्हणून बिघाड लपतो. हळू चालवलं की लपायला जागाच उरत नाही. जुन्या फोटोंचं वेड असणाऱ्यांना हा त्रास जास्त का होतो, तर आपल्याला गाडी हळूच चालवायची असते. त्या काळच्या काचेच्या प्लेटला प्रकाश झेलायला वेळ लागे, धावती गाडी नुसती धूसर रेघ होऊन जाई. म्हणून इंजिन उभं करून, माणसं शेजारी स्तब्ध ठेवून फोटो काढत. ती स्तब्धता डोळ्यांत भरलेली असली की लेआउटवर गाडी पळवावीशी वाटत नाही.

पहिलं काम: पॉलिश पेपर खाली ठेवा

इंजिन अडलं की आपला हात आधी पॉलिश पेपरकडे जातो. रूळ चकाकतात, गाडी चालते, आणि आपल्याला वाटतं जमलं. पण पेपरने रुळाच्या माथ्यावर बारीक चरे पडतात. चाक आणि रूळ यांच्यात सूक्ष्म ठिणग्या उडत असतात, त्यातून काळा थर तयार होतो, आणि तो या चऱ्यांत जाऊन बसतो. पुढच्या वेळी पुसून तो निघत नाही, मग आणखी घासायचं. 'रूळ वारंवार काळे पडतात' अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी रूळ आधीच घासून खरवडलेले असतात. मीही खरवडले होते.

आपले रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी त्यात चांदीचा कण नसतो, तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. त्याला ओरबाडायची गरज नाही. जाड सुती कापड आणि रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन एवढं पुरतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल बरेच जण वापरतात आणि त्याने मळ निघतोही, पण ते ध्रुवीय द्रावक आहे (त्याच्या रेणूच्या एका टोकाला किंचित धन, दुसऱ्याला किंचित ऋण भार असतो), त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे ध्रुवीयतेचा अंदाज देणारा आकडा, १८ च्या आसपास. रॉकेल किंवा टर्पेंटाइनसारख्या द्रावकांचा जेमतेम २. अशा अध्रुवीय द्रावकाने पुसलेल्या रुळावर काळी रेघ उशिरा परतते असं अनेक छंदकरी सांगतात, आणि माझाही अनुभव तोच आहे. पुसताना कंट्रोलरचा प्लग काढा, खिडकी उघडी ठेवा, वास पूर्ण गेल्याशिवाय वीज लावू नका आणि कापड घरात चुरगाळून टाकू नका, बाहेर वाळवा.

एवढं करून बिघाड महिनाभर आला नाही तर तुमचं काम झालं, पुढचं वाचायची गरज नाही. तिसऱ्या दिवशी त्याच जागी परत आला, तर तो मळाचा बिघाड नव्हे. मळ सगळीकडे सारखा बसतो. एकाच स्लीपरवर जो बिघाड होतो त्याला तिथलंच कारण असतं.

बल्ब लावल्याशिवाय मीटरवर विश्वास नको

इथे माझं एक अख्खं वर्ष गेलं, म्हणून थोडं थांबून सांगतो.

मी मल्टिमीटर घेतला आणि रुळावर जागोजागी व्होल्ट मोजले. कंट्रोलरपाशी जेवढे, तेवढेच सांध्यापलीकडे. सगळीकडे एकच आकडा. म्हणून मी ठरवून टाकलं की रुळात दोष नाही, इंजिनातच आहे. चूक अशी, की डिजिटल मीटर स्वतः वीज जवळजवळ ओढतच नाही, त्याचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओम असतो. प्रवाहच नाही तर खराब जोडावर व्होल्ट पडणार कसे? गंजलेल्या, केसाएवढ्या स्पर्शातूनही मीटरला पूर्ण आकडा दिसतो. इंजिनाला मात्र पाव-अर्धा अँपिअर लागतो, आणि तो त्या केसातून जात नाही.

उपाय सोपा आहे. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात १२ व्होल्ट ५ वॅटचा पार्किंग लाइटचा बल्ब मिळतो. तारेचाच घ्या, एलईडी उपयोगाचा नाही. तो साधारण ०.४ अँपिअर ओढतो, म्हणजे इंजिनाइतकाच. त्याला दोन वायरी आणि मगरक्लिपा लावा. इंजिनं उचलून बाजूला ठेवा, कंट्रोलरचं बटण पूर्ण वेगावर फिरवा, बल्ब दोन्ही रुळांमध्ये लावा आणि बल्बाच्याच टोकांवर मीटर धरा. मग बल्ब आणि मीटर दोन्ही घेऊन रुळावरून पुढे पुढे सरका.

माझे आकडे असे आले: कंट्रोलरच्या टोकावर १२.१, पहिल्या जोडानंतर ११.९, सांध्याच्या अलीकडे ११.६. सांध्याच्या पात्यांपलीकडे (पाती म्हणजे सांध्यातले वाट बदलणारे हलते निमुळते रूळ) ७.८. बल्ब डोळ्यांदेखत मंद झाला. टूथपिकने पातं बाजूच्या रुळावर दाबलं तर आकडा एकदम ११.४ वर गेला, सोडलं की परत खाली. दोन वर्षांचा शोध त्या एका टूथपिकच्या दाबावर संपला.

जोड-जोडावर थोडे थोडे व्होल्ट कमी होत असतील तर दोष जॉइनरांचा, म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणाऱ्या छोट्या पट्ट्यांचा आहे. ते सैल होतात, आत रंग किंवा गोंद शिरतो. प्रत्येक जॉइनर बदलत बसू नका. रुळाच्या बाहेरच्या अंगाला बारीक वायर डाग देऊन (सोल्डर करून) खाली उतरवा आणि फळीखाली धावणाऱ्या जाड वायरीला जोडा. दर मीटरभर अंतरावर अशी एक जोडी पुरते. जॉइनरने फक्त रूळ सरळ रेषेत धरावेत, वीज वाहण्याचं काम त्याच्यावर सोडू नये.

पात्यांचा स्पर्श

सांध्यातली दोन पाती हलतात, तुम्हाला माहीत आहेच. पण बऱ्याच तयार सांध्यांत त्या पात्यांना आणि पुढच्या फ्रॉगला (दोन वाटांचे आतले रूळ जिथे एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला) वीज कुठून येते? पातं बाजूच्या रुळाला टेकतं, त्या टेकण्यातूनच. टेकण्याची जागा मोहरीच्या दाण्याएवढी. त्या दाण्यावर धूळ, तेल, रंग किंवा गोंदाचा पापुद्रा आला की पुढचा सगळा तुकडा मेला.

माझ्याकडे गोंद होता. तो कुठून आला ते आता सांगतो.

माझ्याकडे घाटातल्या एका जुन्या फोटोची प्रत आहे, सेपियाकडे झुकलेली. त्यात खडी आणि माती स्लीपरच्या वर, जवळजवळ रुळाच्या माथ्यापर्यंत भरलेली दिसते. त्या काळी स्लीपर असे झाकून टाकण्याची पद्धत होती. आज आपण रूळ बघतो तेव्हा स्लीपर उघडे असतात, म्हणून जुना फोटो पाहिला की पहिल्यांदा तोच फरक जाणवतो. मला तेच हवं होतं. मी खडी बारीक चाळून सांध्यांसकट सगळीकडे काठोकाठ भरली, आणि पाणी व साबणाचा थेंब घालून पातळ केलेला पांढरा गोंद ड्रॉपरने सोडला. दिसायला फोटोसारखंच झालं. पातळ गोंद मात्र पात्याखाली ओढला गेला आणि स्पर्शाच्या जागी त्याचा पारदर्शक पडदा बसला. उन्हाळ्यात तो कडक आणि आकसलेला असतो, पातं कसंबसं टेकतं. पावसाळी हवेत हा गोंद ओल धरून मऊ होतो, प्लायही किंचित फुगतो, आणि स्पर्श जातो. इंजिन जूनमध्येच का आजारी पडतं, त्याचं माझ्यापुरतं उत्तर हे.

दुसरी चूकही फोटोमुळेच झाली. सुरुवातीच्या प्लेटना फक्त निळा प्रकाश कळायचा, लाल आणि तांबूस रंग त्यांच्यावर काळे उमटत. रुळाच्या बाजूचा गंज त्यामुळे फोटोत काळाकुट्ट दिसतो. मी रुळाच्या बाजू काळ्या रंगवल्या, आणि पात्याची आतली बाजूही त्यात आली. एक तर रंग खोटा, कारण खरा गंज तांबूस तपकिरीच होता, आणि वर स्पर्शाच्या जागी रंगाचा थर. तुम्ही जुन्या फोटोवरून रंगवत असाल तर एवढं लक्षात ठेवा: फोटोत जे काळं दिसतं ते लाल असू शकतं, आणि आकाश कोरं पांढरं दिसतं म्हणून ढगाळ होतं असं समजू नका. आणि काहीही रंगवण्याआधी पात्याच्या टोकाशी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा.

साफ असं करायचं. जुन्या व्हिजिटिंग कार्डाची अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, टोकाला टर्पेंटाइनचा एक थेंब, पातं आणि रूळ यांच्यामध्ये सारा, पातं हलकेच मिटा आणि पट्टी ओढा. काळी रेघ येईल. रेघ यायची थांबेपर्यंत नवीन पट्ट्या घ्या. गोंद असेल तर आधी कोमट पाण्याचा थेंब दहा मिनिटं राहू द्या, मऊ झाला की टूथपिकने सोलून काढा. पोलादी टोक वापरू नका, पातं वाकलं तर त्याला पुन्हा सरळ करणं महाकठीण.

कायमचा इलाज

साफसफाईवर पुढचा पावसाळा निघेल, त्यानंतरचा निघेलच असं नाही. पात्याच्या टेकण्यावरून वीज नेणंच बंद केलं पाहिजे. इथे सांधा कोणत्या जातीचा आहे ते आधी बघा.

फ्रॉग प्लॅस्टिकचा असेल तर काम सोपं. प्रत्येक बाजूच्या मुख्य रुळापासून त्याच बाजूच्या पात्यामागच्या रुळाला खालून बारीक वायर डाग द्या. पण त्याआधी मीटर बीपवर ठेवून दोन्ही पाती एकमेकांशी जोडलेली नाहीत ना हे तपासा. काही सांध्यांत पाती हलवणारी पट्टी धातूची असते आणि ती दोन्ही पात्यांना एक करते. अशा सांध्यात या वायरी टाकल्या की थेट शॉर्ट. अजून एक: या वायरींनंतर सांधा बंद असलेल्या दिशेचा रूळही जिवंत राहतो. सायडिंगमध्ये उभं इंजिन सांधा फिरवून थांबवायची सवय असेल, तर तिथे वेगळं बटण बसवावं लागेल.

माझे फ्रॉग धातूचे. तिथे पाती आणि फ्रॉग एकाच धातूने जोडलेले असतात, म्हणून आधी फ्रॉगच्या अलीकडचे दोन्ही रूळ कापून वेगळे करावे लागतात. सोनाराची बारीक करवत घेतली, फ्रॉगपासून सुमारे दीड सेंटिमीटरवर दोन काप दिले, फटीत प्लॅस्टिकचा पातळ तुकडा सुपरग्लूने बसवला आणि रुळाच्या आकारात कानशीने घासला. फ्रॉगच्या पुढे निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे जॉइनर लावले. मग दोन्ही पात्यांना आपापल्या बाजूच्या मुख्य रुळाची वायर दिली, आणि फ्रॉगला एका मायक्रोस्विचच्या मधल्या पायातून वीज दिली. स्विचचे बाहेरचे दोन पाय दोन रुळांना. सांधा ज्या दांड्याने फिरतो तोच दांडा स्विच दाबतो, त्यामुळे सांधा फिरला की फ्रॉगची बाजूही फिरते. इंजिन फ्रॉगवर येताच शॉर्ट झालं तर घाबरू नका, स्विचच्या बाहेरच्या दोन वायरी अदलाबदल करा.

डाग देताना सोल्डरिंगची इस्त्री जास्त वेळ टेकवू नका, प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. रूळ खरवडून, आधी वायरीवर आणि रुळावर वेगवेगळा टिनाचा थर चढवून, मग दोन सेकंदांत जोडायचं. शेजारच्या स्लीपरवर ओल्या कापसाचा बोळा ठेवला की उष्णता तिकडे जात नाही.

इंजिनाकडे शेवटी बघा

रूळ निर्दोष आहेत हे बल्बाने सिद्ध झाल्यावरच. इंजिन स्पंजच्या गादीवर उलटं ठेवा, कंट्रोलरच्या दोन वायरी एकेका चाकाच्या जोडीला लावा. सगळ्या जोड्यांवर मोटर फिरली पाहिजे. एखाद्या जोडीवर फिरली नाही तर तिथली वीज घेणारी ब्राँझची पट्टी चाकाला टेकत नाहीये. तिला चिमट्याने किंचित वाक द्या. आसांवर गुंडाळलेले केस आणि धागे काढा. तेल कमी घाला. जास्तीचं तेल चाकावर येतं आणि मग सगळ्या रुळांवर पसरतं.

छोटं सहा चाकी टँक इंजिन या दुखण्याला सर्वात आधी बळी पडतं, कारण त्याची सगळी चाकं एका ताठ चौकटीत असतात. उंचवट्यावर आलं की मधलं चाक टेकतं आणि टोकाची उचलली जातात, वाकड्या फरशीवर चार पायांची खुर्ची डुगडुगते तसं. सांध्यावर पोलादी पट्टी उभी धरून खालून टॉर्च मारा. प्रकाशाची फट दिसली की रूळ तिथे दबलेला आहे. प्लाय पावसात फुगून असं होतं. फळीच्या दोन्ही बाजूंना आणि कडांनाही वॉर्निश दिलं तर फरक पडतो, नुसत्या वरच्या बाजूला देऊन नाही.

याच ओलीबद्दल जाता जाता. छापील जुने फोटो लेआउटच्या खोलीत भिंतीवर काचेला चिकटून लावू नका. पावसाळ्यात फोटोचा पृष्ठभाग मऊ होऊन काचेला धरतो, आणि सोडवताना चित्रच सोलून येतं. मी असा एक फोटो गमावला आहे, तो पुन्हा मिळणारा नव्हता. आता काच आणि फोटो यांच्यात जाड कागदाची चौकट असते, मूळ प्रती सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात राहतात, आणि कामाला फक्त स्कॅनच्या प्रती वापरतो.

तिन्ही सांध्यांचं काम मी मार्चमध्ये पुरं केलं. बल्बाचे आकडे फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलने तारखेसह लिहिले, म्हणजे पुढच्या वर्षी ताडून बघता येतील. जुलैत, बाहेर चार दिवस झड लागलेली असताना पुन्हा मोजले: सांध्याच्या अलीकडे ११.६, पलीकडे ११.५. पात्याखाली मुद्दाम कागद घालून स्पर्श तोडला तरी ११.५ च.

मग खडी पुन्हा घातली. या वेळी तो फोटो मोठा करून, भिंगाखाली ठेवून पाहिला. बाकी रूळ झाकलेले असले तरी सांध्याच्या पात्यांपाशी खडी बाजूला सारलेली आहे, पातं सरकायला जागा सोडलेली आहे, आणि शेजारी सांधेवाला दांड्यावर हात ठेवून उभा आहे. इतकी वर्षं मी त्याच्याकडे बघत होतो, त्याच्या पायाशी काय आहे ते पाहिलं नव्हतं. पात्यांच्या दोन्ही बाजूंना मी आता तीन-तीन मिमी मोकळे सोडलेत, गोंद तिथे ड्रॉपरऐवजी सुईच्या टोकाने लावला, आणि त्या मोकळ्या जागेच्या कडेला दीड-दोन सेंटिमीटर उंचीचा एक सांधेवाला उभा केला आहे.